खुळखुळ्याच्या झाडाचा पहिला बहर

ऐक ना यित्का, ती पिशवी ठेव खाली, बस इथे, आणि मध्ये बोलू नकोस. तू तिकडे ब्रनोला परीक्षा देत बसलीस आणि इकडे गावात एक मेला जे झालं ते तुला कुणी धड सांगणार नाही. तुझी आई सांगेल ती क्वेतोस्लावकाकांची बाजू घेऊन, कारण ते तिचे चुलतदीर. आणि तुझा भाऊ सांगेल तो स्वतःला वगळून. खरं तर सगळं सुरू झालं त्याच्यामुळे. हो, हिनेकमुळेच. हसतेस काय, ऐक आधी.

आमचा ओतमारमामा. तुला माहीत आहे, पण मला पहिल्यापासून सांगू दे, नाहीतर माझं सगळं पुढचं मागे होतं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. पस्तीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलं आणि लग्न केलं नाही. का केलं नाही हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. दोब्रा मावशी. वरच्या टोकाला, चर्चच्या मागच्या उतारावर राहते ती. मामा रोज तिच्या फाटकापर्यंत जायचा आणि फाटकातूनच परत फिरायचा, कारण आत तिचे वडील असायचे, आणि त्यांना टपालवाला जावई नको होता. कुत्रंही होतं, पण मामा म्हणतो, कुत्रं परवडलं.

मग वडील वारले, नव्वदाव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात. आणि त्याच जानेवारीत ते मोठं वादळ झालं ना, शाळेचं छप्पर उडालं होतं बघ, त्यात त्यांचं सफरचंदाचं झाड मुळासकट आडवं झालं. खुळखुळ्याचं झाड. पुस्तकातलं नाव कुणालाच माहीत नाही. पिकलेलं फळ कानाशी धरून हलवलं की आत बिया वाजायच्या, म्हणून सगळे त्याला खुळखुळं म्हणायचे. अख्ख्या खोऱ्यात तेवढं एकच झाड, आणि तेही गेलं.

मामा भेटायला गेला. फाटकातून आत, आयुष्यात पहिल्यांदा. दोब्रा मावशी बर्फात त्या आडव्या खोडावर बसून रडत होती. आता अशा वेळी माणूस काय बोलेल? वाईट झालं म्हणेल, लाकडं फोडून देऊ का म्हणेल. मामानं लग्नाचं विचारलं. तिनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाली की बाबांचं हे झाड पुन्हा फुलेल ना, तेव्हा एक मेला त्याच्याखाली या, मग बघू.

आता एक मे म्हणजे काय ते काय तिला माहीत नव्हतं? त्या दिवशी फुललेल्या झाडाखाली जिचा मुका कुणी घेत नाही ती वर्षभरात वाळून जाते, हे आपल्याला पाळण्यातच सांगतात. ती स्वतःच हसत म्हणायची की मी छप्पन्न वर्षं वाळतेय, आता नुसती खडखडीत झालेय. म्हणजे तिनं ते तसंच काहीतरी म्हटलं होतं, वेळ मारून न्यायला. पण मामानं ते रजिस्टर पत्रासारखं घेतलं. सही करून. त्याच दुपारी त्यानं पडलेल्या झाडाच्या वर्षभराच्या कोवळ्या काड्या कापल्या, कलमासाठी, त्यांची जुडी बांधली, वर लाल फीत गुंडाळली, आणि आमच्या तळघरात ओल्या वाळूच्या पेटीत पुरून ठेवली, कारण त्याच्या घराला तळघर नाही. एप्रिलपर्यंत त्या काड्या तिथे झोपून राहायच्या होत्या.

त्याच पेटीत आणखी एक जुडी होती, निळ्या फितीची. ती क्वेतोस्लावकाकांची. त्यांच्या कुणा दोस्तानं सीमेपलीकडून, स्लोव्हाक बाजूनं आणून दिलेली, कसल्यातरी हिवाळी सफरचंदाची. तुझे क्वेतोस्लावकाका बागवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि त्यांनी एका प्रदर्शनात मामाच्या सफरचंदांना दुसरा नंबर दिला, पहिला स्वतःला, तेव्हापासून दोघं टोमण्यांशिवाय बोलत नाहीत. पण कलम बांधायचं म्हटलं की अध्यक्षसाहेबही मामाकडेच येतात. मामाचा हात तसा आहे. वाळकी काठी बांधली तरी फुटेल.

आता माझा भाग. मी बारा वर्षांची होते आणि तुझा भाऊ चौदाचा, ते तसे केस वाढवलेला. ईस्टरचा सोमवार होता. पोरं विलोच्या छड्या घेऊन दारोदार येणार, आपण त्यांच्या छडीला फीत बांधायची, हातात रंगवलेलं अंडं द्यायचं. लाल म्हणजे प्रेम, निळी म्हणजे आशा आहे, पिवळी म्हणजे आल्या वाटेनं घरी जा. आणि आमच्या घरात त्या वर्षी फक्त पिवळी फीत. आईनं कुठून तरी अख्खं रीळ आणलं होतं. म्हणजे मी हिनेकला घरी जा सांगायचं? मी पहाटे तळघरात उतरले आणि दोन्ही जुड्यांच्या फिती सोडून घेतल्या. दोन्ही का, तर माझं ठरत नव्हतं. लाल म्हणजे फारच पुढे गेल्यासारखं वाटलं, आणि निळी म्हणजे उगाच रडकी. आरशासमोर उभी राहून कधी ही धर, कधी ती धर, तेवढ्यात पोरं आलीच. मी लाल बांधली. आणि तुझ्या भावानं बघितलंसुद्धा नाही, त्याच्या तोंडात अख्खं अंडं होतं. दुपारी ती फीत मी तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात बघितली. हो, माझ्या लक्षात आहे, सगळं लक्षात आहे.

मग मी बाहुलीच्या केसातली लाल फीत काढली, निळी होतीच, आणि तळघरात गेले. लाल फितीची जुडी डावीकडे होती हे मला पक्कं आठवत होतं. पण मधल्या वेळात बाबांनी त्याच पेटीतून जेवणासाठी गाजरं काढली होती. पेटी तिरकी होती. आता ती फिरवून ठेवली की नुसती सरकवली, कसं कळणार? काड्या दोन्ही तपकिरी, दोन्ही वीतभर. मी एक चाटूनही बघितली. शेवटी डोळे मिटले, डावीला लाल, उजवीला निळी, आणि दार लावून वर आले.

दहा दिवसांनी मामानं एकाच दिवशी दोन्ही कलमं बांधली. लाल फितीचं दोब्रा मावशीच्या बागेत, बीपासून वाढवलेल्या एका रोपावर. निळ्या फितीचं क्वेतोस्लावकाकांच्या खुराड्यामागे, तसल्याच दुसऱ्या रोपावर. मी मेणाचा डबा धरून मामाच्या शेजारी उभी होते. तो काड्या तासताना शिट्टी वाजवत होता. तेव्हाच बोलायला हवं होतं, माहीत आहे मला. पण एकदा का पट्टी गुंडाळली आणि वर मेण लावलं, की झालं, आता काय बोलायचं.

आणि मग आठ वर्षं. बीवरचं झाड ते, त्याला काय घाई. मामा दर रविवारी वर जायचा. आळं कर, खुरप, सशांनी साल कुरतडू नये म्हणून जाळी लाव, एक फांदी छाट, मग दोन पावलं मागे होऊन बघत बस. मग दोब्रा मावशी कॉफी आणायची, भट्टीतले गोड कोलाचे आणायची, दोघं बाकावर बसायचे, आणि अंधार पडायच्या आत मामा फाटकाबाहेर. आठ वर्षांत एकमेकांना अहो-जाहोच. गावातले म्हणायचे, झाड फुलेपर्यंत ओतमारला मुका घ्यायला दोन माणसांनी धरून उभं करावं लागेल.

यंदा एप्रिलच्या वीस तारखेला मामा टोपीशिवाय आमच्या स्वयंपाकघरात आला. टोपीशिवाय, कळतंय का. म्हणाला, कळ्या आहेत. आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. तो म्हणाला, बोटावर मोजल्या, एकवीस झुबके आहेत, आणि थंडी अशीच राहिली तर नेमक्या एक मेला उमलतील. दुपारपर्यंत गावभर झालं. बाकीची सफरचंदाची झाडं तर तेव्हा फुलून पांढरी झाली होती, सगळ्या परसांत मधमाश्यांचा नुसता दंगा, पण बघायला चालले होते सगळे ते एकच उशिराचं झाड.

मला मात्र ती वाळूची पेटी आठवली. मी सायकल काढली. दोब्रा मावशीच्या झाडाला फिकट कळ्या होत्या, जेमतेम गुलाबी, दुधात बोट बुडवल्यासारख्या. तिथून मी खुराड्यामागे गेले. आणि यित्का, तिथेही कळ्या होत्या. एकाच दिवसाची कलमं ना दोन्ही, एकाच वर्षी बहरली. पण या कळ्या बीटासारख्या लालबुंद. दोन्ही झाडं वेगळी आहेत हे तर दिसतच होतं. पण खुळखुळं कुठलं?

मामाला विचारण्यात अर्थ नव्हता. त्यानं ते झाड फुललेलं कधी जवळून बघितलंच नव्हतं, फाटकापासून बाग कुठे दिसते. म्हणून मी म्हाताऱ्या मंडळींना विचारत फिरले, सहजच विचारतेय असं दाखवत. गंमत अशी की फळ सगळ्यांना आठवत होतं. ते कसं वाजायचं, कुणी कुणाच्या कानाशी धरलं, कुणाचा दात पडला. फूल कुणालाच आठवेना. बेकरीवाल्या आजोबांनी पांढरं सांगितलं, त्यांच्या बायकोनं गुलाबी सांगितलं, आणि मी निघाले तरी त्यांचं भांडण चालूच. चर्चच्या घंटावाल्याकडे तर फोटोच निघाला, दोब्रा मावशी लहानपणी त्या झाडाखाली उभी, डोक्यावर फुललेल्या फांद्या. मी फोटो खिडकीपाशी नेला. कृष्णधवल. सगळी फुलं राखाडी.

मग उरलं कोण? ज्या एका माणसाला नक्की माहीत असणार, तीच.

तीस एप्रिलला दुपारी मी वर गेले. टेकडीवर पोरं रात्री गवताची चेटकीण जाळायच्या होळीसाठी लाकडं रचत होती, आणि दोब्रा मावशी दुसऱ्या दिवसाच्या कोलाच्यांचं पीठ मळत होती, कोपरापर्यंत पांढरी. मी दारातच सगळं सांगून टाकलं. फिती, आरसा, गाजरं, सगळं. मध्ये श्वाससुद्धा घेतला नसेल. आणि ती मळतच राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नाही हिला. मग ती म्हणाली, "मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं."

हात न धुताच मला बाहेर घेऊन गेली, झाडाचं एक पान उलटं करून दाखवलं. म्हणाली की बाबांच्या झाडाचं पान पाठीमागून मांजराच्या कानासारखं असायचं, मऊ, लवेचं. हे बघ, गुळगुळीत. मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस?

"काय बोलू? झाड चुकलं म्हणू? तो माणूस दुसऱ्या दिवशी नवीन बी पेरेल आणि पुन्हा आठ वर्षं दर रविवारी येऊन खुरपत बसेल."

मी म्हटलं, मग झाडाचं सोडून सरळ हो म्हणायचं होतंस. तर म्हणाली, दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा तो म्हणाला, नाही नाही दोब्राबाई, ठरलं ते ठरलं, झाड फुलू दे. मग पिठाचं बोट माझ्यासमोर धरून म्हणाली, "आठ वर्षांनी मी बहात्तरची होईन, वेंदुला. बाबा गेले, बाबांचं झाडही गेलं. मला काही झाडाशी संसार करायचा नाही. तू उद्या तोंड शिवून बस."

मी म्हटलं बसते. आणि खरंच, खाली येताना मला इतकं हलकं वाटलं की सायकलचं पायडल मारायला विसरले. तिला माहीत आहे, तिला चालतंय, मग मी कोण मध्ये बोलणारी?

एक मेला सकाळी ढग होते. दहाला ऊन पडलं आणि झाड अकरापर्यंत उमललं, अगं डोळ्यासमोर, वरचे झुबके आधी, मग खालचे. एवढंसं झाड, मनगटाएवढं खोड, आणि पांढरंशुभ्र. कुंपणाबाहेर निम्मं गाव. आम्ही बघायला आलो नाही असं सगळे दाखवत होते. कुणी सायकलची साखळी बसवत होतं, कुणी बुटाचे बंद बांधत होतं, बेकरीवाले आजोबा शिडी घेऊन आले होते, का ते कुणी विचारलं नाही. तुझा भाऊ त्या शिडीला टेकून उभा. मामानं काळा सूट घातला होता, अंत्ययात्रेचा, त्याच्याकडे तेवढाच आहे. दोनदा दाढी केलेली. आणि दोब्रा मावशीनं निळ्या फुलांचा झगा आणि वर स्वच्छ एप्रन, कारण कोलाचे अजून भट्टीत होते.

मामा झाडाखाली जाऊन उभा राहिला. तीही आली. आणि नेमके तेव्हा फाटकातून क्वेतोस्लावकाका, हातात पाण्याची बादली, बादलीत फुललेली फांदी.

आता त्यांचा हेतू वाईट नव्हता हं. एकटं झाड फळ धरत नाही, शेजारी दुसऱ्या जातीचा बहर लागतो, हे काय तुला सांगायला हवं. आणि गावातली बाकीची झाडं एव्हाना झडून गेली होती. फक्त त्यांचं ते खुराड्यामागचं राहिलं होतं. त्यातली एक फांदी बादलीत घालून झाडाला टांगली की मधमाश्या उरलेलं काम करतात. तेवढंच करायला आले होते ते. पण टोमणा मारल्याशिवाय ते बादलीसुद्धा टांगणार नाहीत. म्हणाले, "माझ्या स्लोव्हाक झाडाची फांदी आहे, ओतमार. म्हटलं न्यावी, नाहीतर लोक म्हणतील तुझं कलम नुसतं शोभेचं."

आणि त्यांनी ती बादली खालच्या फांदीला अडकवली, अगदी दोब्रा मावशीच्या नाकासमोर. लालबुंद कळ्या, उमललेली फुलं आतून पांढरी आणि पाठीवर गुलाबी.

ती बघतच राहिली. मग तिचा हात आपोआप वर गेला, तिनं एक पान उलटं केलं आणि अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. तिला थांबताच येईना. मला कळलं. काल सगळं सांगताना दुसरी जुडी कुणाकडे गेली तेवढं माझं राहून गेलं होतं, आणि आता तिच्या अंगठ्याला कळत होतं की बाबांचं झाड गेलेलं नव्हतंच. इतकी वर्षं ते खाली कोंबड्यांमध्ये उभं होतं.

आणि मामानं तिचा चेहरा बघितला. त्याला फूल कळत नसेल गं, पण तो चेहरा तो चाळीस वर्षं फाटकाबाहेरून वाचत आलाय. त्यानं विचारलं काय झालं. ती म्हणाली, काही नाही, ऊन लागलं. त्यानं बादलीतल्या फांदीकडे बघितलं. मग डोक्यावरच्या झाडाकडे. मग परत बादलीकडे. तो काय जुळवत होता ते मला स्पष्ट दिसत होतं. एक दिवस, दोन कलमं, एक पेटी. आणि मग तो माझ्याकडे वळला, कारण माझे कान, तुला माहीत आहेत माझे कान, पेटले होते.

"वेंदुला, तळघरात त्या जुड्यांना कुणी हात लावला होता का?"

त्याच्या पाठीमागे दोब्रा मावशी मला मानेनं नको नको करत होती, इतकी जोरात की तिच्या केसातली पिन गवतात पडली.

आता बघ. मी नाही म्हटलं असतं तर पुढच्या मिनिटाला सगळं पार पडलं असतं. टाळ्या, कोलाचे, सगळं. पण मला ऑक्टोबर दिसत होता. त्या झाडाला पहिलं फळ येणार, मामा ते सगळ्यांसमोर तोडणार, कानाशी धरणार, हलवणार. आणि आत काहीच वाजणार नाही. आणि मग तो तिच्याकडे बघेल, आणि माझ्याकडे बघेल, आणि त्याला कळेल की आम्हा दोघींना माहीत होतं. ज्या माणसानं पस्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही, त्याला. माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

मी म्हटलं, हो, मी लावला होता. आणि मग पुन्हा सगळं, फिती, आरसा, गाजरं, फक्त या वेळी निम्म्या गावासमोर. तुझ्या भावाचं नाव आलं तेव्हा सगळ्या माना शिडीकडे वळल्या. तो शिडीच्या मागे गेला. शिडीच्या मागे कुणी लपतं का, सगळाच्या सगळा दिसत होता.

मामा हसलाही नाही, चिडलाही नाही. खोडावर हात ठेवून म्हणाला, "म्हणजे हे झाड पत्त्यावर नाही." आणि झाडाखालून एक पाऊल बाहेर आला. तिच्यापासून लांब. फक्त एक पाऊल, पण मला वाटलं मी जमिनीत जाते की काय.

आणि मग त्यानं सुटाच्या खिशातून चाकू काढला. कलमाचा चाकू. लग्नाला विचारायला जाताना कोण चाकू नेतं? तो उघडला, बादलीतल्या फांदीवर हलकेच नख लावून साल बघितली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला, लाकूड छान आहे. जानेवारीत क्वेतोस्लावच्या झाडाच्या काड्या काढतो, एप्रिलमध्ये इथे याच झाडावर चढवतो. वाढलेल्या झाडावर कलम लवकर धरतं, आठ नाही लागायची, चार वर्षं, फार तर पाच. असं सांगत होता जणू तिला बक्षीस लागलंय.

मी दोब्रा मावशीकडे बघायचं धाडस केलं नाही. पण ऐकू आलं. ती चालत आली, त्याच्या हातातून चाकू घेतला, मिटला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

"ओतमार, चल."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे. त्याची बाही धरली आणि फाटकातून बाहेर, उतारावरून खाली. तो विचारतोय कुठे, ती बाही सोडत नाही. कोलाचे भट्टीत, माझी आई ते काढायला आत पळाली. बाकी सगळे मागे, सायकली, बुटाचे बंद, शिडी, सगळं घेऊन, आणि सर्वांत मागे क्वेतोस्लावकाका, पळत, कारण आपण सगळे कुठे चाललोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. शेवटच्या वळणावर मात्र त्यांनी सगळ्यांना गाठलं, आडव्या पायवाटेनं, आणि आपल्या फाटकात हात पसरून उभे राहिले. म्हणाले, बाग माझी, झाड माझं, कोंबड्या माझ्या. आत यायचं तर आधी ओतमारनं सगळ्यांदेखत म्हणावं की त्या प्रदर्शनात पहिला नंबर बरोबर दिला होता.

 मामाचा जबडा घट्ट. अगं तीस वर्षांचा राग आहे तो, त्या सफरचंदांचे रंग तो अजून झोपेत सांगतो. मला वाटलं, हा आता मागे फिरणार आणि म्हणणार, जानेवारीत बघू. दोब्रा मावशी फक्त म्हणाली, "ओतमार."

"बरोबर होता," मामा म्हणाला. प्लमची आठोळी गिळावी तसं. पण म्हणाला.

फाटक उघडलं. खुराड्यामागे घोट्याएवढा चिखल, मावशीचे नवे बूट, कोंबड्या सैरावैरा, आणि मधोमध ते झाड. कुणी छाटलेलं नाही, कुणी आळं केलेलं नाही, तरी कोंबडखतावर असं माजलेलं की वरच्या झाडाच्या दुप्पट. उमललेली फुलं पांढरी, मिटलेल्या कळ्या लाल, अख्खं झाड नुसतं लाजल्यासारखं दिसत होतं, आणि आत मधमाश्या गुणगुणतायत. मामा वर बघत राहिला. म्हणाला, ही फांदी कुणी छाटलीच नाही, हिचा कोन चुकलाय. दोब्रा मावशीनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

पुढचं मी सांगत नाही. म्हणजे सांगते, लांब होतं. कोंबडा दोनदा आरवला तेवढं. क्वेतोस्लावकाका ढगांकडे बघत होते. कुणीतरी टाळी वाजवली आणि बेकरीवाल्या आजी रडायला लागल्या आणि म्हणाल्या, मी सांगितलं होतं ना, गुलाबी.

लग्न जूनमध्ये आहे, तुला यायचंय. पण माझं काय झालंय ते ऐक. मामा म्हणतो, हे तू आठ वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतंस. आई म्हणते, सांगायलाच नको होतं, आपोआप निभावलं असतं. आणि दोब्रा मावशी मला कोलाचे देते, चांगलं बोलते, पण काल भांडी घासताना मध्येच म्हणाली की त्यानं तो चाकू उघडला ना, त्या मिनिटाला मला तुझा गळा आवळावासा वाटला होता. आणि मग म्हणाली, पण बाबांचं झाड मिळालं. आणि मग पुन्हा म्हणाली, तरीपण. मी कालपासून त्या तरीपणचा विचार करतेय. समोरून तो विचारतोय, मागून ती नको म्हणतेय, अख्खं गाव बघतंय, आणि तुझे कान लाल झालेत. आता बोल. तू काय केलं असतंस?